दळणावळ

मराठीत 'दळणावळ' असा एक शब्द होता. होता म्हणायचं, कारण अलीकडे तो फारसा कानावर येत नाही. दुसऱ्याचं धान्य दळून दिल्याबद्दल जे मिळायचं ती दळणावळ. कांडून दिल्याबद्दल कांडणावळ. याच घराण्यातली शिवणावळ अजून टिकून आहे, कारण शिंपी टिकून आहे. दळणावळ घेणारी बाई मात्र कधी उठून गेली, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

ती होती याचा पुरावा आपल्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. 'आईनं दळणकांडण करून आम्हाला वाढवलं' हे वाक्य आपण सत्कारसमारंभात ऐकतो, आत्मचरित्रांत वाचतो. ऐकणाऱ्याचा गळा भरून येतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो. पण या वाक्याकडे जरा कोरड्या डोळ्यांनी पाहिलं, तर ते आर्थिक इतिहासातलं विधान आहे. नवरा नसलेल्या, जमीन नसलेल्या बाईला गावात एक रोजगार उपलब्ध होता, त्या रोजगारावर दोन-तीन पोरं जगत होती, असं ते वाक्य सांगतं. आज त्याला अन्नप्रक्रिया म्हणतात. १९८८ साली त्यासाठी दिल्लीत स्वतंत्र मंत्रालय निघालं. त्याच्या कितीतरी आधी आमच्या गोदाकाठच्या गावांत तो उद्योग चालू होता. जात्याचा खुंटा हातात धरून बाई तो चालवत होती.

परभणी जिल्ह्यात या विषयाची सुरुवात गंगाखेडपासूनच करावी लागते. जनाबाई गंगाखेडची. लहान वयात ती पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि तिथेच दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोवऱ्या ही सगळी कामं तिच्या अभंगांत आहेत. विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसला, ही कथा महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या कथेतला भक्तिभाव मोठाच आहे. मला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट खुणावते. देवाला भक्ताच्या मदतीला यायचं होतं, तर तो नेमका जात्यावर आला. घरातलं सगळ्यांत जड, सगळ्यांत एकसुरी आणि ज्याला कोणी हात लावणार नाही असं काम तेच होतं म्हणून. जनाबाईला दळणावळ मिळत नव्हती, हेही लक्षात घ्या. ती दासी होती. पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र, एवढाच तिचा हिशेब.

जात्याभोवती फक्त वारकरी परंपराच फिरली असं नाही. विजापूरच्या सूफींच्या गोतावळ्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत 'चक्कीनामा' नावाचा काव्यप्रकार रुजला. दखनी भाषेतली ही गाणी बायकांनी दळताना म्हणावीत म्हणून रचलेली. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्लाह. मधला आस म्हणजे पैगंबर. अशी त्यांची रूपकं. अमेरिकी इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. दख्खनच्या साध्या बायकांपर्यंत इस्लाम पोचला तो मोठ्या ग्रंथांतून नव्हे, जात्यावरच्या आणि चरख्यावरच्या गाण्यांतून, असं त्यांचं म्हणणं. मी मराठीत कविता लिहितो आणि घरी दखनी बोलतो. त्यामुळे माझ्या लेखी जनाबाईचं जातं आणि चक्कीनाम्याची चक्की ही एकाच दगडाची. दोन्हीकडे बाईच्या हाताला काम होतं, तोंडाला गाणं होतं आणि तिचा कान पकडायचा असेल तर पहाटे चार वाजता जात्यापाशीच जावं लागत होतं. संतांना आणि सूफींना हे बरोबर कळलं होतं.

आता दळणावळीकडे येऊ. पाच-सहा माणसांच्या घराला रोजच्या भाकरीचं पीठ दळायला बाईचा तास-दीड तास सहज मोडायचा. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट होतं. म्हणून एकदाच पोतंभर दळून ठेवायची सोय नाही. ज्वारी खाणाऱ्या मुलखात दळण हे असं सतत मागे लागलेलं काम. ज्या घरांत माणसं फार, किंवा बायका थोड्या, किंवा पैसा बरा, ती घरं आपलं दळण बाहेर देत. घेणाऱ्या बहुधा विधवा, टाकलेल्या, नवरा परागंदा झालेल्या. मोबदला क्वचित रोख. बहुतेक वेळा पायलीमागं थोडं धान्य, नाहीतर पीठ. तुरीची डाळ करायची असली तर काम आणखी वाढायचं. तूर भिजवायची, उन्हात सुकवायची, जात्यावर भरडायची, पाखडायची, चाळायची. निघालेली चुनी कुठे मालकाच्या म्हशीला जायची, कुठे भरडणारीला मिळायची. ती मिळाली तर तिची शेळी जगायची.

यात जात होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धान्याला कोणाचा हात लागला तर चालतो आणि पिठाला कोणाचा लागलेला चालत नाही, याचे नियम ठरलेले होते. शेतात खुडणी-मळणीला दलित बाई चालायची; तेच धान्य दळायला ती चालत नसे. मुसलमान बाईच्या हातचं पीठही पुष्कळ घरांत चालत नसे. म्हणजे अन्नाच्या कामातली मजुरी जसजशी चुलीजवळ सरकते, तसतशी तिच्याभोवती जातीची कुंपणं घट्ट होत जातात. निजामाच्या राज्यात मोलाच्या कामापलीकडे वेठही होती. गावात अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या लवाजम्याच्या दळणाला दळणावळ कसली!

मग गिरणी आली. आमच्या भागात मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० च्या आसपास आली आणि कापसाच्या पाठोपाठ जिनिंगचे कारखाने आले. पण खेडोपाडी पिठाची गिरणी पोचायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. वीज नव्हती तिथं ऑईल इंजिनवर ती चालायची. तिचा 'पुक पुक' आवाज मैलभरावरून यायचा. बायका डोक्यावर डबा घेऊन तीन-तीन कोस चालत जायच्या, पण जात्यावर बसायला तयार नसायच्या. याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जात्याबरोबर ओव्या गेल्या म्हणून आम्ही कवी लोक हळहळतो. पण ही हळहळ दळणारीला विचारून केलेली नाही. माझ्या आईला मी एकदा विचारलं होतं की जातं गेलं तेव्हा तुला काय वाटलं? ती म्हणाली, झोप पुरी झाली.

ओव्या अगदीच गेल्या असंही नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या सहकाऱ्यांना हाताशी धरून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. हजाराहून अधिक गावांतल्या लाखभर ओव्या त्यांनी गोळा केल्या. मराठवाड्यातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. इतकं मोठं लोकधन जगात फार थोड्या ठिकाणी जतन झालं असेल.

परंतु गिरणीनं दोन निरनिराळ्या बायांचं दोन निरनिराळ्या प्रकारे काय केलं, हे पाहायला हवं. घरचं दळण दळणारीला तिनं मोकळं केलं. दुसऱ्याचं दळण दळणारीला बेकार केलं. आणि दळणावळ नावाची जी मजुरी होती ती नाहीशी झाली नाही. ती गिरणीवाल्याच्या गल्ल्यात गेली. गिरणी चालवणारा पुरुष. इंजिन विकत घ्यायला भांडवल लागतं, दुरुस्तीला बाजारात जावं लागतं, ते बाईच्या आवाक्यातलं नव्हतं. काम हाताचं होतं तोवर बायकी, त्याला चाक आणि पट्टा जोडला की ते पुरुषी. हा नियम जगभरचा आहे. इंडोनेशियातल्या जावा बेटावर १९७० च्या दशकात भात सडण्याच्या छोट्या गिरण्या पसरल्या आणि हातसडीवर जगणाऱ्या लाखो भूमिहीन बायांची मजुरी गेली. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी त्याचे हिशेब मांडले, त्यावर वाद झाले. आपल्याकडे गांधीजींनी १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला, आणि हातसडीचा तांदूळ, हातदळणाचं पीठ यांचा त्यांनी हिरिरीनं प्रचार केला. १९५८ साली भातगिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला, त्यामागंही हातसडीला आधार द्यायचा विचार होता; १९९७ मध्ये तो रद्द झाला. पण तो कायदा भाताचा. ज्वारी दळणाऱ्या परभणीच्या बाईला त्यात जागा नव्हती.

तिची नोंदही धड झाली नाही. १९६१ च्या जनगणनेत घरगुती उद्योगात काम करणाऱ्यांची वेगळी मोजदाद होती. १९७१ साली प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. तुमचं मुख्य काम काय, असा प्रश्न आला. बाई म्हणाली, घरकाम. झालं. देशभर काम करणाऱ्या बायांची संख्या दहा वर्षांत एकदम कोसळलेली दिसली. बाया काही कामं सोडून बसल्या नव्हत्या.

याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात तो अजून तारखेसारखा वापरतात. 'बहात्तरच्या आधी', 'बहात्तरच्या नंतर'. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे १९७७ साली कायदा बनली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. या सुकडीनं एक निराळी गोष्ट घडवली. घराबाहेर, सरकारी हजेरीपटावर बाईचं नाव लागलं आणि तिला तिच्या नावानं मजुरी मिळाली. दळणावळीपेक्षा खडी फोडणं बाईला प्रतिष्ठेचं वाटलं, असं जुनी माणसं सांगतात तेव्हा मला ते खोटं वाटत नाही. दळणावळ उपकारासारखी हातावर पडायची. इथं अंगठा उठवून पैसे घ्यायचे होते.

अन्नाच्या कामाची मजुरी मग पापडाच्या रूपानं परत आली. त्याचं मूळ मुंबईत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड आज हजारो बायकांचा संसार चालवतं. तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सकाळी केंद्रावर भिजवलेलं पीठ घ्यायचं, घरी पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी परत आणून तोलून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. शिवाय प्रत्येक बहीण संस्थेची सभासद, नफ्यातही वाटेकरी. ही शेवटची अट फार मोलाची आहे. लिज्जतची नक्कल करणाऱ्या बहुतेकांनी पीठ वाटायचं तेवढं उचललं, नफा वाटायचं विसरले.

परभणीच्या खेड्यात ते का जमलं नाही, याची कारणं साधी आहेत. पीठ आज घेऊन उद्या पापड परत द्यायचे तर केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर हवं. मुंबईच्या चाळीत एका जिन्यावर वीस लाटणाऱ्या मिळतात. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या वस्तीवर दोन मिळतात, आणि त्यांना एसटी दुपारी एकदा. पापडाला ऊन लागतं, ते आमच्याकडे मुबलक. पण पावसाळ्याचे चार महिने काम ठप्प. आणि जूनमध्ये पेरणी सुरू झाली की निंदण-खुरपणाची मजुरी समोर असते.

शिवाय आमच्याकडे पापड, कुरडया, खारोड्या, शेवया, सांडगे हे सगळं उन्हाळ्यात सावडीनं व्हायचं. आज तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. वळवटाचे नखुले, गव्हले करताना गप्पा व्हायच्या, लग्नं जमायची. सावडीत कोणी कोणाला पैसे देत नाही. पुढं परभणी शहर वाढलं. १९७२ साली कृषी विद्यापीठ आलं, १९७६ च्या सुमारास त्याचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय निघालं, प्राध्यापक, शिक्षक, बँकवाले, रेल्वेचे लोक यांच्या वसाहती उठल्या. नोकरदार बायकांना सावडीत बसायला वेळ नव्हता, पण घरच्या चवीची कुरडई हवी होती. तिथं सावडीची मजुरी झाली. किलोमागं दर ठरला. गहू तीन दिवस भिजवून चीक काढणारी, रात्रभर राबणारी बाई, तिचं इंधन, तिचं अंगण, तिची प्लास्टिकची कागदं, तिनं राखलेली चिमण्या-कावळ्यांची पाळी. दरात यातलं काहीच धरलेलं नसतं. दर फक्त किलोचा.

आमच्या मोहल्ल्यांत हे शेवयांनी झालं. रमजानच्या आधी दोन महिने दारोदार शेवयांची यंत्रं बाहेर निघतात. गव्हाला पाण्याचा हात लावून, दळून, वस्त्रगाळ करून रवा आणि सपीठ वेगळं करायचं, मळायचं, यंत्रातून काढून दोरीवर नाहीतर बाजेवर वाळवायचं. माझी खाला हे काम एका व्यापाऱ्यासाठी करायची. तुटलेल्या शेवया तो वजनातून वजा करायचा आणि त्याच तुटलेल्या शेवया खाली चुरा म्हणून विकायचा. खालाला हिशेब कळत नव्हता असं नाही. ती म्हणायची, दुसरा कोण माझ्या घरच्या शेवया घेणार आहे? या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्रात सापडत नाही. पाकिटावर नाव व्यापाऱ्याचं असलं की शेवई सगळ्या घरांत चालते.

१९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष नारायण सुर्वे. कामगाराचा कवी आमच्या गावी आला याचा आम्हा नव्यानं लिहिणाऱ्यांना कोण आनंद! गिरणी कामगाराच्या कवितेनं आम्ही भारावून गेलो होतो. संमेलनाच्या भोजनासाठी पोळ्या कोणी लाटल्या, हे विचारायचं तेव्हा कोणालाही सुचलं नाही, मीही त्यातच आलो.

त्याच दशकात बचत गट आले. महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला सगळे 'माविम' म्हणतात, ते १९७५ पासून होतं. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. २००७ पासून माविमचा तेजस्विनी कार्यक्रम चालला, २०११ मध्ये 'उमेद' अभियान आलं. गटानं काय दिलं? पहिली गोष्ट म्हणजे सावकाराशिवाय कर्ज. दुसरी, बँकेच्या दारात बाईनं एकटीनं जाणं. या दोन्हींची किंमत कमी लेखू नये. पण गटानं उद्योग म्हणून काय करावं, हा प्रश्न आला की अधिकाऱ्यांच्या तोंडी पापड-लोणची ठरलेली. ज्या वस्तू प्रत्येक घरात होतात, त्याच प्रत्येक गटानं करायच्या आणि कोणी विकत घ्यायच्या? जिल्ह्याच्या प्रदर्शनात एका रांगेत पंधरा टेबलं आणि पंधराही टेबलांवर येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी. चव उत्तम. गिऱ्हाईक तेच. जे गट टिकले ते बहुधा गिरणी, मिरची कांडप यंत्र, डाळीची छोटी चक्की असं काही तरी घेऊन टिकले. म्हणजे ज्या चाकापट्ट्यानं दळणावळ नेली होती, ते बाईनं स्वतःच्या नावावर घेतलं तेव्हा. मला वाटतं, यंत्र कोणाच्या मालकीचं, हा या सगळ्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

आणि याच प्रश्नावर एक मोठी लढाई झाली, ती फार लोकांना ठाऊक नाही. अंगणवाडीतल्या पोरांना जो पोषण आहार मिळतो, तो पुरवायला कंत्राटदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं यांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ रोजी सांगितलं. नुसता विचार करा. प्रत्येक गावात अंगणवाडी. प्रत्येक अंगणवाडीला रोज लागणारं अन्न. गिऱ्हाईक पक्कं, पैसे सरकारचे, माल गावचा. खेड्यातल्या बाईसाठी यापेक्षा मोठी बाजारपेठ आजवर उभी राहिलेली नाही. पण महाराष्ट्रात घरी न्यायच्या आहाराची पाकिटं आली. शिरा, उपमा आणि बहात्तरची आठवण करून देणारी सुकडी. ती बनवायला मोठी यंत्रं हवीत, मोठी उलाढाल हवी, अशा अटी आल्या. बड्या पुरवठादारांनी महिला संस्थांच्या नावाची पाटी लावली आणि आत आले. पाकिटांची चव अशी की ती जनावरांपुढं टाकल्याच्या बातम्या येत राहिल्या. २०१६ च्या निविदेला लहान गटांनी आव्हान दिलं, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती सुमारे ६ हजार ३०० कोटींची कंत्राटं रद्द केली. बचत गटाच्या बायांनी हे घडवलं. वर्तमानपत्रांत एक दिवस बातमी आली.

मराठवाड्याचा आणखी एक निकाल त्याच वर्षीचा. तेव्हाच्या औरंगाबादेत गोदावरी गारमेंट्स नावाची सरकारी कंपनी बायकांना घरी शिवायला कपडा द्यायची. या बाया आमच्या कामगार नव्हेत, त्या घरी काम करतात, मशीन त्यांचं, मग भविष्यनिर्वाह निधी कसला, असं कंपनीचं म्हणणं. थकबाकी १९७९ ते १९९१ या काळातली, निकाल २४ जुलै २०१९ चा. न्यायालय म्हणालं, या बाया कामगारच आहेत; माल नाकारायचा अधिकार कंपनीकडे आहे, म्हणजे देखरेखही तिचीच. खटला शिवणकामाचा. पण माझ्या खालाच्या तुटलेल्या शेवया वजा करणाऱ्यालाही तो लागू पडतो, असं मला, कायद्याची पदवी नसलेल्या माणसाला, वाटतं. घरबसल्या काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ठराव १९९६ चा आहे. त्यासाठी इला भट यांच्या 'सेवा'नं जिवाचं रान केलं. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही.

साखर ही अन्नप्रक्रियाच. तिच्याबद्दल बोललं नाही तर गंगाखेड-सोनपेठकडच्या माणसांना राग येईल. बालाघाटाच्या कुशीतली ही गावं दिवाळीनंतर ओस पडतात. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल नवऱ्याच्या हातात पडते. तोडणारा तो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी ती. कोयता मात्र एकच. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. साखर गोड असते हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो कोण जाणे.

आणि या सगळ्याखाली हळूहळू एक मोठा बदल झाला आहे, तो पिकांचा. खरिपाची ज्वारी मागं पडली, सोयाबीन आलं. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हातात येतं आणि रोख देतं. पण ज्वारीचा प्रवास पाहा. खुडणी, मळणी, उफणणी, निवडणं, दळण, भाकरी, लाह्या, हुरडा, पापड, खारोड्या. प्रत्येक टप्प्यावर बाईचा हात आणि बाईचा शब्द. घरात ज्वारीची कणगी भरलेली असली तर तिची किल्ली बाईकडे. दोन पायल्या दुकानात घालून ती मीठ-मिरची आणू शकत होती. सोयाबीन खळ्यावरून थेट मोंढ्यात जातं, मोंढ्यातून तेलाच्या कारखान्यात. उंबरा ओलांडून ते घरात येतच नाही. पट्टी शेतमालकाच्या नावावर निघते. बाईच्या वाट्याला निंदणीचा रोज तेवढा राहिला.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आमच्या विद्यापीठानं, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं, परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती अशी ज्वारीची चांगली वाणं दिली आहेत. शक्तीत तर लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे शहरांत महागड्या दुकानांत दिसू लागले. धाब्यांवर, खानावळींत भाकऱ्या थापायला बायका लागतात आणि थापायला येणाऱ्या बायका आता मिळत नाहीत, अशी मालकांची तक्रार आहे. हाताला चटका देऊन दिवसाला दोन-अडीचशे भाकऱ्या थापणारीला कसबी कारागीर म्हणावं आणि तसा दर द्यावा, हे मात्र मालकांच्या बोलण्यात येत नाही.

गावात आज अन्नाच्या कामाचे सगळ्यांत नियमित पैसे कुठे मिळतात, तर शाळेत. दुपारचा आहार १९९५ साली सुरू झाला, तेव्हा राज्यात पोरांच्या पिशवीत तांदूळ द्यायचे. २००१ च्या न्यायालयीन आदेशानंतर शिजवलेली खिचडी आली. खिचडी शिजवणाऱ्या बहुतेक जणी विधवा, परित्यक्ता, भूमिहीन. दळणावळ घेणारी जी बाई मघाशी उठून गेली म्हणालो, तिचीच नात म्हणा ना. शंभर पोरांचं शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची, धान्य निवडायचं. काही गावांत स्वयंपाकीण दलित आहे म्हणून पोरांना डबा देऊन पाठवणारे पालक अजून निघतात. तिच्या पैशाला सरकारी कागदावर मजुरी किंवा पगार म्हणत नाहीत. मानधन म्हणतात. २००९ पासून ते महिना एक हजार रुपये होतं, मग दीड हजार झालं, २०२३ मध्ये अडीच हजार झालं. मिळतं वर्षातले दहा महिने. उरलेल्या दोन महिन्यांत, उन्हाळ्यात, ती शहरात कोणाच्या तरी गच्चीवर किलोच्या दरानं कुरडया घालत असते.